प्लेऑफमधली शिट्टी: एनबीएच्या पंचगिरीबद्दल चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल ते जून या काळात, म्हणजे मोसमानंतरच्या प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांमध्ये), एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांच्या तोंडी खेळाडूंइतकीच पंचांची नावं असतात. स्कॉट फॉस्टर आणि टोनी ब्रदर्स कसे दिसतात हे ज्यांना पाठ आहे, त्यांच्यासाठी हे पान. नियम काय सांगतो ते इथे आहेच, आणि आपली चिडचिड कुठे रास्त आहे, कुठे नुसता थयथयाट आहे, तेही आहे. मतं अर्थात लिहिणाऱ्याची.

चाहते नेमके कशावर चिडतात? पंच चुकतात यावर?

चुकांवर फारसं कोणी चिडत नाही. दहा धिप्पाड माणसं एका छोट्या कोर्टवर सुसाट धावत असताना काहीतरी नजरेतून सुटणारच. चाहत्याला कडक पंच चालतो आणि ढिला पंचही चालतो. चालत नाही ते एकाच संध्याकाळी दोन्ही असणं. पहिल्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या) मनगटाला बोटं लागली म्हणून फाऊल, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये खांद्याने आडवा केला तरी ‘खेळा, खेळा’.

यात नुकसान दुहेरी होतं. सुरुवातीला दोन हलके फाऊल लागले की प्रशिक्षक मुख्य खेळाडूला बाकावर बसवतो, कारण सहाव्या फाऊलला तो सामन्यातूनच बाद होतो. ती बाकावर गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. पुढे शिट्टी सैल झाली की ज्याने आधीच्या कडक मापाप्रमाणे हात आखडता घेतला, तोच मार खातो. म्हणजे शिस्तीत खेळणाऱ्यालाच शिक्षा.

नियमपुस्तक तर एकच आहे. मग निर्णय इतके वेगळे का?

कारण बास्केटबॉलमध्ये प्रत्येक स्पर्श फाऊल नसतो. किरकोळ धक्क्याला ‘मार्जिनल कॉन्टॅक्ट’ म्हणतात आणि तो सोडून द्यायचा असतो. फाऊल कधी? तर त्या स्पर्शामुळे समोरच्याची लय, वेग, तोल किंवा चपळाई बिघडली तर. आता तोल किती बिघडला हे मोजायला फूटपट्टी नाही. पंचाने ते डोळ्यांनी, क्षणभरात ठरवायचं.

त्यात पंच तीन. एक बास्केटच्या खाली बेसलाइनवर, दुसरा मागे मध्यरेषेच्या बाजूला, तिसरा समोरच्या साइडलाइनवर. चेंडू फिरेल तशा त्यांच्या जागाही बदलतात. प्रत्येकाकडे कोर्टचा आपापला भाग असतो. त्यामुळे डाव्या बाजूने केलेला ड्राइव्ह (चेंडू घेऊन बास्केटकडे घुसणं) एकाच्या नजरेत येतो आणि तसाच उजव्या बाजूचा दुसऱ्याच्या. आपण टीव्हीवर दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून पाहतो आणि ‘मघाशी दिला, आता का नाही?’ असं ओरडतो. बरेचदा उत्तर साधं असतं: मघाचा पंच वेगळा होता. समजतं, पण समाधान होत नाही. तिघांचं माप जुळवून घेणं हे क्रू चीफचं (तिघांतल्या प्रमुख पंचाचं) काम आहे आणि सामन्याआधीच्या बैठका त्यासाठीच असतात.

प्लेऑफमध्ये फाऊलची व्याख्या बदलते का?

कागदावर नाही. कोर्टवर सगळ्यांना बदललेली दिसते. जानेवारीत ज्यावर दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट) मिळाले असते, त्यावर मे महिन्यात बचाव करणारा चेंडू घेऊन पळालेला असतो.

काहींना हे आवडतं. रांगडा खेळ म्हणजेच खरा प्लेऑफ, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण संघ ८२ सामन्यांच्या मोसमावर बांधलेला असतो. फाऊल मिळवण्यात तरबेज असलेल्या खेळाडूला त्या मोसमाच्या मापानेच कोट्यवधी डॉलर्स दिलेले असतात आणि ऐन परीक्षेत अभ्यासक्रम बदलतो.

प्लेऑफच्या बाहेरही माप बदललेलं आहे. २०२१-२२ पासून लीगने शूटरने मुद्दाम बचावपटूच्या अंगावर उडी टाकून मिळवलेले फाऊल बंद केले. त्याची झळ जेम्स हार्डन आणि ट्रे यंग यांना पहिल्या महिन्यातच बसली. पण तो बदल निदान आधी जाहीर केलेला होता. २०२३-२४ मध्ये फेब्रुवारीतल्या ऑल-स्टार सामन्यानंतर शिट्ट्या एकाएकी कमी झाल्या, गुणसंख्या खाली आली, आणि आक्रमणाकडे फार झुकलेलं पारडं सरळ केल्याचं लीगने नंतर मान्य केलं. आधी सांगितलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

एकाच मालिकेत दर सामन्याला वेगळे पंच का?

मालिका जास्तीत जास्त सात सामन्यांची असते. एकाच तिकडीने सातही सामने केले तर तिच्या आवडीनिवडी मालिकेवर बसतील आणि संशय वाढेल, म्हणून. तर्क बरोबर आहे.

पण किंमत बघा. मालिकेत दोन संघ तेच असतात. पहिला सामना हरलेला प्रशिक्षक दोन दिवस व्हिडिओ बघून ठरवतो की पोस्टमध्ये (बास्केटजवळ) अधिक रेटायचं, कारण रेटू दिलं जातंय. दुसऱ्या सामन्यात नवे तिघे येतात आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या सेंटरला दोन फाऊल. बाकी सगळ्या गोष्टींची तयारी करता येते, हिची नाही.

प्लेऑफसाठी पंच कसे निवडतात?

मोसमभराच्या कामगिरीवरून. लीगचे परीक्षक त्यांच्या निर्णयांची तपासणी करतात, संघही मत देतात. फेरीगणिक यादी आखडते आणि फायनलला बारा जण उरतात. म्हणजे फायनलमध्ये जो दिसतो तो लीगच्या मते सर्वोत्तमांपैकी असतो, हे मान्य करणं कितीही जिवावर आलं तरी.

शेवटच्या क्षणी पंच शिट्टी गिळून टाकतात, हे खरं आहे का?

२०२५ ची पहिली फेरी, डेट्रॉइट पिस्टन्स आणि न्यूयॉर्क निक्स, चौथा सामना, डेट्रॉइटमध्ये. निक्स ९४, पिस्टन्स ९३. केड कनिंगहॅमचा शॉट हुकला, झटापटीतून चेंडू कोपऱ्यात टिम हार्डवे ज्युनियरकडे आला. त्याने तीन गुणांसाठी चेंडू उचलला, निक्सचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर आदळला, शॉट चुकला, वेळ संपली. शिट्टी नाही. फाऊल दिला असता तर एका गुणाने मागे असलेल्या संघाला तीन फ्री थ्रो मिळाले असते. सामन्यानंतर क्रू चीफ डेव्हिड गथ्री यांनी सांगितलं की, रिप्ले पाहता तो धक्का किरकोळ नव्हता आणि फाऊल द्यायला हवा होता. मालिका २-२ होऊ शकली असती, ती ३-१ झाली.

शिट्टी वाजली तर ‘पंचाने सामना ठरवला’ म्हणतात, नाही वाजली तर ‘खेळाडूंना ठरवू दिलं’ म्हणतात. न वाजवण्यात पंचाला कमी शिव्या बसतात, म्हणून कल तिकडे जातो. पण न दिलेला फाऊलही सामना ठरवतोच, फक्त दुसऱ्या बाजूने.

आणि उलटं झालं की काय होतं तेही इतिहासात आहे. १९९४ मध्ये शिकागो बुल्स आणि निक्सच्या पाचव्या सामन्यात २.१ सेकंद उरलेले असताना पंच ह्यू हॉलिन्स यांनी बुल्सच्या स्कॉटी पिपेनवर फाऊल दिला. निक्सच्या ह्यूबर्ट डेव्हिसने दोन्ही फ्री थ्रो टाकले, निक्स ८७-८६ ने जिंकले. ती शिट्टी शिकागोत आजही लोक विसरलेले नाहीत.

‘लास्ट टू मिनिट रिपोर्ट’ म्हणजे काय? त्याने निकाल बदलतो का?

नाही, बदलत नाही. मार्च २०१५ पासून लीग अटीतटीच्या सामन्यांमधल्या शेवटच्या दोन मिनिटांचा आणि ओव्हरटाइमचा (बरोबरीनंतरच्या जादा वेळेचा) अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. सध्या फरक तीन गुणांच्या आत आला असेल तरच. दिलेला प्रत्येक निर्णय आणि न दिलेला प्रत्येक महत्त्वाचा निर्णय, त्यापुढे बरोबर की चूक.

२०२४ मध्ये निक्स आणि फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सच्या दुसऱ्या सामन्यानंतर अहवालाने सांगितलं की, फिलाडेल्फियाच्या टायरीज मॅक्सीला शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोन फाऊल मिळायला हवे होते आणि त्याचे प्रशिक्षक निक नर्स यांनी मागितलेला टाइमआउटही द्यायला हवा होता. निक्स १०४-१०१ ने जिंकले ते जिंकलेच. फिलाडेल्फियाच्या चाहत्याने त्या कागदाचं काय करायचं?

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. हा अहवाल पहिल्या ४६ मिनिटांवर गप्प असतो. मापातली गफलत तिथेच घडते, कारण चौथ्या क्वार्टरचं माप चुकलं की बरोबर हे पहिल्या क्वार्टरशी ताडून पाहिल्याशिवाय कळणारच नाही. पंचांच्या संघटनेलाही हा अहवाल नको आहे. त्यांचं म्हणणं, यातून फक्त पंच सोलले जातात. चाहत्यांचं समाधान न करणारी आणि पंचांना नको असलेली गोष्ट दहा वर्षं चालते आहे, हेही एक नवलच.

प्रशिक्षकाकडे चॅलेंज आहे ना? मग तक्रार कशाला?

चॅलेंज, म्हणजे निर्णय रिप्लेवर तपासायची मागणी, २०१९-२० मध्ये आलं. आपल्या संघावर दिलेला फाऊल, चेंडू बाहेर कोणामुळे गेला, आणि गोलटेंडिंग (बास्केटकडे उतरणारा चेंडू हाताने अडवणं), एवढ्यावरच ते घेता येतं. हाताशी टाइमआउट हवा, आणि चॅलेंज फसलं तर तो गेला. २०२३-२४ पासून पहिलं यशस्वी झालं तर दुसरं मिळतं.

मेख अशी की, जी शिट्टी वाजलीच नाही तिला आव्हान देता येत नाही. हार्डवेच्या शॉटवर पिस्टन्सकडे दहा टाइमआउट असते तरी काही करता आलं नसतं. २०२४-२५ पासून एक फट उघडली आहे: बाहेर गेलेल्या चेंडूचं चॅलेंज तपासताना त्याच्या लगतचा सुटलेला फाऊल दिसला तर तो देता येतो. बस, तेवढंच.

रिप्ले सेंटर असूनही वाद का मिटत नाहीत?

न्यू जर्सीतल्या सिकॉकस इथे २०१४ पासून रिप्ले सेंटर आहे. चेंडू शेवटी कोणाच्या बोटाला लागला किंवा शॉट वेळेत सुटला का, हे तिथे झकास कळतं. ‘धक्का पुरेसा होता का’ हे स्लो मोशनमध्ये उलट बिघडतं, कारण संथ गतीत प्रत्येक स्पर्श मारहाणीसारखा दिसतो.

कशासाठी रिप्ले बघायचा आणि कशासाठी नाही, हा घोळ वेगळाच. २०१८ च्या फायनलचा पहिला सामना घ्या. ३६.४ सेकंद उरले होते, क्लीव्हलँड दोन गुणांनी पुढे. क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स गोल्डन स्टेटच्या केव्हिन ड्युरांटच्या वाटेत उभा राहिला आणि पंचांनी चार्ज (आक्रमकाचा फाऊल) दिला. मग लेब्रॉन बास्केटखालच्या चार फुटांच्या अर्धवर्तुळात (जिथे बचावपटूला चार्ज मिळत नाही) होता का, हे तपासायला रिप्ले लावला. तो स्पष्टपणे बाहेर होता. पण नियमाप्रमाणे त्याच रिप्लेत बचावाची जागा कायदेशीर होती का हेही पाहता येत होतं. चार्जचा ब्लॉक (बचावपटूचा फाऊल) झाला, ड्युरांटने दोन फ्री थ्रो टाकून बरोबरी केली. नंतर क्लीव्हलँडचा जे. आर. स्मिथ स्कोअर विसरल्यासारखा चेंडू घेऊन मध्यरेषेकडे पळाला, म्हणून लोकांना तेवढंच आठवतं. लेब्रॉनचे ५१ गुण त्या रात्री वाया गेले.

आमच्या संघाला १५ फ्री थ्रो, त्यांना ३२. हा पक्षपाताचा पुरावा नाही का?

एकट्याने नाही. जो संघ बास्केटकडे घुसतो त्याला जास्त फ्री थ्रो मिळणार, लांबून तीन गुणांचे शॉट मारणाऱ्याला कमी. संघाच्या क्वार्टरमधल्या पाचव्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो लागतात, तोही फुगवटा. शेवटच्या मिनिटात मागे पडलेला संघ मुद्दाम फाऊल करतो, तो आणखी एक.

म्हणूनच २०१७ मध्ये मेम्फिसचे प्रशिक्षक डेव्हिड फिझडेल यांचा त्रागा इतका गाजला. त्यांनी नुसता आकडा फेकला नाही, मांडणी केली: बास्केटजवळून आम्ही ३५ शॉट घेतले आणि १५ फ्री थ्रो मिळाले, सॅन अँटोनियोने १८ घेतले आणि ३२ मिळाले. त्यांच्या एकट्या क्वाय लेनर्डचे १९, म्हणजे आमच्या सगळ्या संघापेक्षा जास्त. तक्रार करायची तर अशी करावी. ३०,००० डॉलर्स दंड झाला तो भाग निराळा.

मोठ्या खेळाडूंना झुकतं माप मिळतं का?

मोठ्या खेळाडूच्या हातात चेंडू जास्त वेळ असतो, तो जास्त वेळा घुसतो, त्यामुळे फाऊलही जास्त. हे वजा केल्यावर काही उरतं का? मला वाटतं थोडं उरतं. ज्याची ती हालचाल पंचाने शेकडो वेळा पाहिली आहे, तिच्यातला अडथळा त्याला लवकर दिसतो. नवख्याच्या बाबतीत ‘अडखळला असेल’ असं वाटून जातं.

डॅलसच्या चाहत्यांना मात्र हे विवेचन ऐकवू नका. २००६ च्या फायनलमध्ये मायामीच्या ड्वेन वेडने सहा सामन्यांत ९७ फ्री थ्रो घेतले. पाचव्या सामन्यात त्याचे एकट्याचे २५, डॅलसच्या पूर्ण संघाचेही २५, आणि मायामी ओव्हरटाइममध्ये एका गुणाने जिंकलं.

घरच्या संघाला फायदा होतो का?

होतो. जोसेफ प्राइस, मार्क रीमर आणि डॅनियल स्टोन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१२ च्या अभ्यासात पंचांच्या मर्जीवर अवलंबून असलेले निर्णय घरच्या संघाकडे, सामन्यात मागे असलेल्या संघाकडे आणि प्लेऑफ मालिकेत पिछाडीवर असलेल्या संघाकडे झुकलेले आढळले. यासाठी कोणी फोन करून सांगावं लागत नाही. वीस हजार माणसं कानाशी ओरडत असली की माणूस झुकतो.

म्हणजे लीग मुद्दाम मालिका लांबवते?

हा प्रश्न २००२ पासून मरत नाही. लॉस एंजेलिस लेकर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज, वेस्टर्न फायनलचा (पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना, किंग्ज ३-२ ने पुढे. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. किंग्जचे व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड दोघेही सहा फाऊल होऊन बाहेर. अखेरीस लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं, त्यावर शिट्टी नाही. लेकर्स १०६-१०२ ने जिंकले, सातवाही जिंकले. ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी लीगचे तेव्हाचे कमिशनर (प्रमुख) डेव्हिड स्टर्न यांना निषेधाचं पत्र लिहिलं.

पुढे २००७ मध्ये टिम डोनाही हा पंच सट्टेबाजांना आतली माहिती पुरवताना सापडला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्याने या सामन्याबद्दलही आरोप केले, लीगने ते फेटाळले. लीगने नेमलेले वकील लॉरेन्स पेडोविट्झ यांच्या चौकशीत इतर कोणा पंचाचा गुन्ह्यात हात असल्याचा पुरावा मिळाला नाही.

माझं मत: कट नाही. कट असता तर इतका गबाळा नसता. पण माप जितकं लवचीक, तितकी संशयाला जागा मोठी, आणि ती जागा लीगनेच मोकळी ठेवलेली आहे.

एखाद्या पंचाचा एखाद्या खेळाडूवर राग असू शकतो?

एप्रिल २००७ मध्ये पंच जोई क्रॉफर्ड यांनी सॅन अँटोनियोच्या टिम डंकनला बाकावर बसून हसल्याबद्दल सामन्याबाहेर काढलं. डंकन! ज्याचा चेहरा मोसमभर हलत नसे. लीगने क्रॉफर्ड यांना उरलेला मोसम आणि प्लेऑफसाठी निलंबित केलं. खेळाडू ख्रिस पॉल आणि पंच स्कॉट फॉस्टर यांचं जुनं वितुष्ट तर स्वतः पॉलनेच जाहीरपणे वैयक्तिक असल्याचं म्हटलं आहे. पंचही माणसंच, हे खरं. पण ज्याचं एखाद्याशी जाहीर वाकडं आहे त्याला त्याच्याच सामन्याला पाठवण्याचा हट्ट अनाकलनीय आहे.

प्रशिक्षक उघड बोलले तर दंड का होतो?

पंचांच्या निःपक्षपातीपणावर शंका घेणं लीगला चालत नाही. २०२४ मध्ये इंडियानाने निक्सविरुद्धच्या पहिल्या दोन सामन्यांतले ७८ निर्णय लीगकडे पाठवले, त्यांचे प्रशिक्षक रिक कार्लाइल लहान शहरांच्या संघांनाही समान संधी हवी असं बोलले, आणि ३५,००० डॉलर्स भरले. विशेष म्हणजे पहिल्या सामन्यात अखेरीस दिलेला किक-बॉलचा (चेंडूला मुद्दाम पाय लावल्याचा) निर्णय चुकल्याचं पंचांनी स्वतः कबूल केलं होतं.

विक्रम मात्र डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांचा. २००२ मध्ये पंचांच्या प्रमुखाला डेअरी क्वीनचं (आइस्क्रीमच्या साखळीचं) दुकानही चालवायला देणार नाही, असं ते म्हणाले. दंड ५ लाख डॉलर्स. मग त्यांनी एक दिवस डेअरी क्वीनमध्ये जाऊन आइस्क्रीम विकलं.

फ्लॉपिंगला (धक्का लागल्याचं नाटक करून पडण्याला) शिक्षा आहे का?

आहे. २०२३-२४ पासून नाटक पकडलं गेलं तर समोरच्याला एक फ्री थ्रो. प्लेऑफमध्ये ही शिट्टी क्वचितच ऐकू येते.

चुकीच्या निर्णयामुळे सामना पुन्हा खेळवता येतो का?

निर्णय चुकला म्हणून नाही. नियमच चुकीचा लावला गेला असेल तर ४८ तासांत, १०,००० डॉलर्स भरून तक्रार करता येते आणि ती जवळपास नेहमी फेटाळली जाते. अपवाद डिसेंबर २००७ चा. अटलांटामध्ये मायामीच्या शकील ओनीलचे पाच फाऊल असताना सहा मोजून त्याला बाहेर काढलं. लीगने तक्रार मानली आणि मार्च २००८ मध्ये शेवटची ५१.९ सेकंद पुन्हा खेळवली. तोवर शकील फीनिक्सला गेलेला होता. अटलांटाच जिंकलं.

मग काय बदलायला हवं?

एक, पूर्ण ४८ मिनिटांचा अहवाल, निदान प्लेऑफपुरता. दोन, सामन्यानंतर क्रू चीफला एकाच पत्रकाराने मोजके प्रश्न विचारायचे, ही पद्धत बंद करून खेळाडू बसतात तसंच त्यांनीही सगळ्यांपुढे बसावं. तीन, प्लेऑफमध्ये कुठला धक्का चालेल हे पहिल्या फेरीआधी व्हिडिओसह जाहीर करावं आणि चारही फेऱ्या तेच पाळावं. पहिल्या दोन गोष्टींना पैसे आणि धाडस लागेल. तिसरीला यातलं काहीच लागत नाही, आणि मला सगळ्यात जास्त हवी आहे तीच.

उद्याच्या सामन्याला कोण पंच आहेत हे कुठे कळेल?

लीगच्या पंचांसाठीच्या अधिकृत संकेतस्थळावर, सामन्याच्या दिवशी सकाळी, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार नऊच्या सुमारास. सव्वानऊपर्यंत दोन्ही संघांचे चाहते त्या तिघांविरुद्धचा आपापला जुना हिशेब काढून बसलेले असतात.